सात नंबरचा टॉर्पिडो

रिसोडला रेल्वे नाही. रेल्वे बघायची हौस असेल तर वाशीमला जावं लागतं, आणि तिथेही ती आपल्या सवडीनं येते. अशा गावात, धान्यबाजाराच्या मागच्या गल्लीत, एका दुमजली घराच्या व्हरांड्यात बसून एक माणूस जवळजवळ तीन वर्षं रेल्वेचा एकच डबा बांधत होता. इंजीन नाही, रूळ नाही, स्टेशन नाही. नुसता डबा. वरच्या मजल्यावर मी भाड्यानं राहत होते. मी साताऱ्याकडची, इंग्रजी शिकवायला तिथल्या कॉलेजात आलेली. मला वाटलं होतं, विदर्भात पहिली अडचण उन्हाची येईल. पहिली अडचण घरमालकाची आली.

सगळं गाव त्यांना फोरमनसाहेब म्हणे. छत्तीसगडकडच्या एका पोलादाच्या कारखान्यात तीस वर्षं काढून ते गावी परतले होते. खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, जात विचारली नाही, लग्नाचंही विचारलं नाही. मी मनात म्हटलं, चला, सुधारलेला माणूस भेटला. मग ते म्हणाले, "तुमचं गॅस सिलिंडर दाखवा." सिलिंडर दाखवल्यावर त्याच्याभोवती दोनदा फिरले, खाली वाकून बूड पाहिलं, आणि म्हणाले, "राहा."

पुढे कळलं, की फिरणं हा त्यांचा स्वभाव होता. कुठलीही वस्तू वापरायच्या आधी ते तिच्याभोवती एक पूर्ण चक्कर मारत. स्कूटर, पाण्याची टाकी, नवं कपाट, एकदा तर लग्नाचा मांडव. एसटीत चढायच्या आधी ते गाडीभोवती फिरून, गुडघ्यावर हात ठेवून खाली डोकावून येत. वाहक घंटी वाजवून थकायचा.

"बाबा, चढा ना! देवळात आले काय प्रदक्षिना घालाले?"

"प्रदक्षिना आमच्यात नाई घालत," ते शांतपणे सांगत. "ही तपासनी हाय."

खिशात पेन असावं तिथं त्यांच्या सहा इंची स्टीलची पट्टी असे. काकूंनी भाकरी वाढली, की पट्टी बाहेर यायची. "इकडून चार मिलिमीटर, तिकडून सहा. तवा वाकडा हाय."

"तवा सरका हाय," काकू म्हणत. "मानूस वाकडा हाय."

चूक ही गोष्ट त्यांच्या मते जगात होती, पण ती नेहमी दुसऱ्याच्या वाट्याला आलेली असे. घरातलं घड्याळ दहा मिनिटं मागे पडलं तेव्हा त्यांनी आकाशवाणीला दोष दिला. मी एकदा चुकून त्यांची बाजू घेतली, तर काकू म्हणाल्या, "मॅडम, तुमी भाड्यानं राह्यता. मी फुकट राह्यते. मले जास्त माहीत."

तर हा डबा. त्यांची मुलगी विलायतेत नर्स आहे. ती दर वर्षी चॉकलेट पाठवायची आणि ती आम्ही सगळे मिळून संपवायचो. त्या वर्षी त्यांनी मुलीला फोनवर निक्षून सांगितलं, चॉकलेट नको, टॉर्पिडो पाठव. ते मोबाईलवर काहीतरी बघत होते, त्यात त्यांना कळलं होतं, की तिकडे हौशी लोक खेळण्यातल्या रेल्वेसाठी धातूचे सुटे भाग विकत घेतात आणि घरी बसून डबे बांधतात. मालगाडीचे, दुधाचे, कोळशाचे. त्या भाऊगर्दीत एक होता टॉर्पिडो.

पार्सल आलं तेव्हा कुरियरवाल्यानं खोक्यावरचं नाव गल्लीच्या तोंडापासूनच वाचत आणलं. पाच मिनिटांत समोर राहणारे जमादार दात घासता घासता, खांद्यावर टॉवेल टाकून हजर झाले.

"फोरमनसाहेब, आपल्या गल्लीत पानबुडी येऊन राह्यली म्हंते?"

"पानबुडीचा नाई, जमादार. लोखंडाचा टॉर्पिडो."

"लोखंडाचा तं लोखंडाचा. पन सोडता कुठं? पैनगंगेत?"

मग फोरमनसाहेबांनी जमादारांना, मला आणि जमलेल्या निम्म्या गल्लीला समजावून सांगितलं. भट्टीत वितळलेलं लोखंड दुसऱ्या शेडमध्ये न्यायचं असतं. ते बादलीत नेता येत नाही. त्यासाठी रेल्वेच्या रुळांवरून चालणारं एक लांबुळकं भांडं असतं, दोन्ही टोकांना निमुळतं, मधे फुगीर. आतून भट्टीच्या विटांचं अस्तर, बाहेरून जाड पत्रा, पाठीवर मधोमध एक तोंड. त्या तोंडातून लोखंड भरायचं आणि पलीकडे गेल्यावर अख्खं भांडं आडवंच फिरवून ओतायचं. आकार पाहून कारखान्यातले लोक त्याला टॉर्पिडो म्हणतात.

"म्हंजे लोखंडाचा टँकर," जमादार म्हणाले.

फोरमनसाहेबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की जमादार तोंड धुवायला घरी गेले.

खोक्यात पितळेचे कागदासारखे पातळ पत्रे होते, त्यावर कोरलेले भाग. मऊ पांढऱ्या धातूत ओतलेले चाकांच्या चौकटींचे तुकडे, ते तोंड, साखळ्या, आणि चोवीस पानांची सूचनापुस्तिका. पुस्तिका इंग्रजीत. मी इंग्रजीची प्राध्यापिका असल्यामुळे जगातलं सगळं इंग्रजी मला येतं, असा त्यांचा ठाम समज होता. मी तो दूर करायला हवा होता. पण कॉलेजात माझ्या इंग्रजीवर इतका विश्वास कुणी ठेवत नव्हतं, तेव्हा मीही थोडी फुगले.

रोज दुपारी चारला मी वाचून मराठीत सांगायचे आणि ते काम करायचे. पहिल्याच पानावर होतं, की अमुक पत्रा तमुक पत्र्यावर 'स्वेट' करा. मी म्हटलं, "घाम आणून चिकटवा."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "कोनाले घाम आनू? पत्र्याले?"

"तसंच लिहिलंय काका."

"मॅडम, मले तं येऊन राह्यला." मग त्यांनी स्वतःच दोन्ही पत्र्यांना आधी डाख लावली, एकावर एक ठेवून तापवले आणि ते चिकटले. "ह्याले घाम म्हनतात तिकडं. आमी कथील चढवनं म्हनतो. पुढं वाचा."

असं पुढे वाचता वाचता एके दिवशी आम्ही त्या तोंडापाशी आलो. वाक्य होतं, पांढऱ्या धातूचे भाग जोडताना 'आयर्न' बरंच खाली करा. मी विचार केला, आयर्न म्हणजे लोखंड. "लोखंड चांगलं खाली करून धरा," मी सांगितलं. त्यांनी आज्ञाधारकपणे भाग पालथा धरला आणि सोल्डरिंगचं तापलेलं टोक त्याला लावलं. त्या टॉर्पिडोचं सुंदर, गोल, काठ वळवलेलं तोंड आमच्या डोळ्यांदेखत शिऱ्यासारखं मऊ झालं आणि टपकन टेबलावर पडलं.

फोरमनसाहेबांनी तो थेंब पट्टीनं खरवडून उचलला.

"चौदाशे डिग्रीचं लोखंड वाह्यलं मी तीस वर्षं," ते म्हणाले. "अन ह्ये चहाच्या वाफेनं वितळते."

दोन दिवसांनी मला कळलं, की 'आयर्न' म्हणजे लोखंड नव्हे, डाख देण्याचं ते तापतं हत्यार. आणि 'खाली करा' म्हणजे त्याची आच कमी करा. मी हे त्यांना सांगितलं का? नाही. मी स्वतःला समजावलं, की पुस्तिकेचीच भाषा संदिग्ध आहे. मी पीएच.डी. करत होते, त्यामुळे अशी कारणं मला पटकन सुचत.

त्यांनी मुलीकडून दुसरं तोंड मागवलं नाही. जुन्या पितळी नळाची तोटी कापली आणि तीन महिने कानशीनं घासून नवं तोंड कोरलं. तेव्हा मी प्रथम ती वही पाहिली. मळकी, तेलकट, पानापानांवर मापं. रुळापासून पोटाची उंची, तोंडाची रुंदी, दोन चाकांमधलं अंतर. वर लिहिलेलं: सात नंबर. निवृत्त होताना माणसं शाल-श्रीफळ घेऊन घरी येतात. हे एका टॉर्पिडोची मापं घेऊन आले होते.

वहीप्रमाणे विलायती डबा चुकीचा होता. त्याच्या चाकांच्या चौकटी बारीक होत्या, पोट वर होतं. त्यांनी चौकटी मोडल्या, नव्या केल्या. पोट खाली आणलं. कारखानदारानं जे बनवून पाठवलं होतं, त्यातलं जवळपास काहीच त्यांनी शिल्लक ठेवलं नाही. मी म्हटलं, "मग विकत कशाला आणला? घरीच केला असता."

"सुरवात करायले कारन लागते ना मॅडम," ते म्हणाले. ते वाक्य मला तेव्हा नेहमीप्रमाणे विक्षिप्त वाटलं.

कॉलेजच्या विज्ञान प्रदर्शनात तो अर्धवट डबा ठेवायची कल्पना माझी. प्रमुख पाहुण्यांनी तो उचलून पाहिला आणि माईकवरून औषधाच्या कॅप्सूलचं हे भव्य मॉडेल आरोग्यविषयक जागृती करणारं आहे, असं सांगितलं. फोरमनसाहेबांनी पहिल्या रांगेतून उठून, पाहुण्यांच्या हातातून कॅप्सूल काढून घेतली आणि ते घरी गेले. प्राचार्यांनी मला बोलावून विचारलं, "तुमचे वडील का?" मी म्हटलं, "घरमालक." ते म्हणाले, "बरंय. घर बदला."

मी घर बदललं नाही. का, ते सांगता येणार नाही. कदाचित काकूंच्या हातचं तुरीच्या दाण्यांचं वरण कारणीभूत असेल.

डबा पुरा झाला तेव्हा हातभर लांब आणि उचलायला चांगलाच जड होता. काळपट करडा रंग, पोटावर गंजाच्या रेघा, पाठीवर पांढऱ्या रंगात सात. मला वाटलं, आता ते कपाटात ठेवतील, काच लावतील आणि आपण सुटलो. उलट त्यांनी व्हरांड्यातलं टेबल रिकामं केलं, डबा मधोमध ठेवला आणि त्याच्या पोटावर, खालच्या बाजूला, मसुरीच्या डाळीएवढा लाल ठिपका दिला. मग तांब्याच्या तारेचा एक माणूस केला, सुपारीच्या अडकित्त्याएवढाही नाही, आणि तो डब्यापासून थोडा लांब, एका कोपऱ्याकडे उभा केला.

"हा कोण?"

"मी."

मग शिवायचा दोरा आणला. एक टोक त्या तारेच्या माणसाच्या डोळ्यापाशी धरायला मला सांगितलं, दुसरं टोक स्वतः लाल ठिपक्यावर टेकवलं. दोरा ताणला. तो चाकांच्या चौकटीखालून कुठंही न अडता सरळ गेला. त्यांनी दोरा गुंडाळून खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी तारेचा माणूस उंच झाला होता. आदल्या दिवशी तो प्रमाणात पाच फूट चार इंच होता, फोरमनसाहेबांएवढाच. आता पाच-आठ. दोरा सरळ गेला. त्याच्या दुसऱ्या दिवशी सहा फूट. दोरा सरळ. त्या आठवड्यात फोरमनसाहेबांची जेवढी वाढ झाली, तेवढी त्यांच्या सगळ्या आयुष्यात झाली नसेल. साडेसात फुटांवर गेले, तेव्हा कुठं दोरा चौकटीच्या कडेला अडला. मी उत्साहानं म्हटलं, "अडला काका!"

त्यांनी तारेच्या त्या राक्षसाकडे पाहिलं, पकडीनं त्याला उचललं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत.

मी स्वयंपाकघरात गेले. काकू कणीक मळत होत्या. मी विचारलं, "काकू, हे काय चाललंय?"

"तुमाले सांगितलं नाई त्याईनं?" त्यांचे हात थांबले नाहीत. "सात नंबर फुटला होता. आतल्या इटा झिजल्या का बाहेरून पत्रा लाल होते म्हंते. ज्याची पाळी असंन त्यानं चारी बाजूनं फिरून पाहाचं, लाल दिसला का गाडी थांबवाची. त्या दिवशी पाळी तुमच्या काकाची होती."

"आणि?"

"अन काय. गाडी सोडा म्हनून यायनं हात दाखवला. रशीदभाऊ त्या बाजूनं साखळी लावून राह्यले होते. कारंज्याचे रशीदभाऊ. दोघं इकडचे, एकाच खोलीत राह्यत, एकाच डब्यात जेवत. पत्रा फाटला. पाय गेला त्यायचा, गुडघ्याखालून."

"मग चौकशी झाली असेल."

"झाली ना. यायनं सांगितलं, मी उभा होतो तिथून दिसत नव्हतं, चाकाची चवकट आड येत होती. सायबलोकाईनं लिहून घेतलं, कोनाचीच चूक नाई. रशीदभाऊ दवाखान्यातून येवढंच बोलले, 'दिसत होतं. तू पाह्यलं नाई.' वीस वर्सं झाली. तवापासून बोलनं नाई."

मी दारातून व्हरांड्याकडे पाहिलं.

"म्हणजे हा डबा..."

"रशीदभाऊले दाखवाले. दिसत नव्हतं म्हनून." काकूंनी कणकेवर पाणी शिंपडलं. "आता दिसून राह्यलं वाटते."

मी आजवर त्यांच्या पट्टीची, तपासणीची, घड्याळाची कॉलेजात नक्कल करून सहकाऱ्यांना हसवत असे. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं, "काय म्हणतो तुमचा टॉर्पिडो?" मी म्हटलं, बरा आहे.

महिनाभर डबा कपड्याखाली झाकून होता. मग एका रविवारी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून, लाकडी पेटी घेऊन अंगणात उभे दिसले. काकू जिन्याशी आल्या. "मॅडम, कारंज्याले जाता काय यायच्यासंग? माह्ये गुडघे चालत नाईत. अन एकटे गेले तं मंगरूळपीरवरून वापस येतीन."

वाशीमला गाडी बदलून आम्ही निघालो. अर्थात, दोन्ही गाड्यांभोवती चक्कर झाली. पेटी त्यांच्या मांडीवर होती. शेजारची बाई टोपलीत कोंबडी घेऊन बसली होती, तिनं विचारलं, "काय हाय यात?" ते म्हणाले, "टॉर्पिडो." ती म्हणाली, "हो काय," आणि कोंबडीला थोडं पलीकडे सरकवलं.

दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडत चाललं होतं. शेलूबाजार मागे पडल्यावर मला राहवेना. "काका, एक सांगायचंय. ते तोंड वितळलं ना, ते माझ्यामुळे. मी अर्थ चुकीचा सांगितला होता."

"माहीत हाय."

"माहीत आहे?"

"तवाच डिक्शनरी पाह्यली मी."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी कवा बोलता, ते पाहून राह्यलो होतो," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "लय वेळ नाई लावला तुमी. दीडच वर्स."

कारंज्याला रशीदभाईंचं घर जुन्या वस्तीत, एका अरुंद बोळात. मुलगा कूलर दुरुस्तीच्या दुकानात गेलेला. सून शबाना दारात आली आणि तिनं आत आवाज दिला. रशीदभाई ओट्यावरच्या तख्तावर बसले होते, दाढी पांढरी, अंगात बनियन. कृत्रिम पाय भिंतीला टेकवून ठेवलेला, जशी आपण छत्री ठेवतो. त्यांनी फोरमनसाहेबांना पाहिलं. चेहऱ्यावरची एक रेषा हलली नाही.

"टक्कल पडलं तुले," ते म्हणाले.

"जय भीम," फोरमनसाहेब म्हणाले.

"सलाम. बस. ह्या कोन?"

"भाडेकरू."

एवढ्यावर माझी ओळख संपली. फोरमनसाहेबांनी पेटी उघडली आणि डबा तख्तावर ठेवला. रशीदभाई वाकले. बोटानं त्यांनी पाठ चाचपली, मग तोंडाचा काठ, मग चौकट.

"सात नंबर," ते हळू म्हणाले. "तोंड बराबर हाय. चवकट बी. कोनं केला?"

"मी."

"तू?" त्यांनी पुन्हा पाहिलं. "तुह्या हातानं तं सरका खिळा ठोकल्या जात नव्हता."

फोरमनसाहेबांनी शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढली. तारेचा माणूस. तो पुन्हा केलेला होता, पाच फूट चारचा. तख्तावर उभा करताना तो दोनदा पडला. मग त्यांनी दोरा काढला. मी टोक धरायला पुढे झाले, तर त्यांनी मान हलवली. स्वतःच एका हातानं डोळ्यापाशी धरला, दुसऱ्या हातानं ठिपक्याशी टेकवला.

"हा मी," ते म्हणाले. "ह्या चवकटीपासून अकरा पावलं. सायबलोकाईनं मोजले होते, चवकशीत. अन हा तो डाग."

रशीदभाईंनी त्या डागावर बोट ठेवलं.

"दिसते, रशीद." फोरमनसाहेब म्हणाले. "इथून दिसते. लय येळा पाह्यलं मी. उंच करून पाह्यलं, सरकवून पाह्यलं. दिसतेच. मी पाह्यलं नाई. मी घाईत होतो. चाराची शिफ्ट सुटत होती अन मी मान वाकवलीच नाई. हात दाखवून देल्ला."

शबाना चहाचा ट्रे घेऊन दारात थबकली होती. बोळातून कुणाची तरी मोटारसायकल गेली. रशीदभाईंनी दोन्ही हात तख्तावर टेकले आणि ते खाली उतरू लागले. शबाना "अब्बा, अब्बा" करत धावली. त्यांनी तिला हातानं बाजूला केलं. एक पाय, एक गुडघा, असं करत ते जमिनीवर बसले, गाल तख्ताच्या लाकडावर टेकवला आणि एक डोळा मिटून, त्या तारेच्या माणसाच्या मागून, डब्याकडे पाहायला लागले.

ते किती वेळ पाहत होते कोण जाणे. चहावर साय आली.

"दिसते," शेवटी ते म्हणाले. मग गाल न उचलताच विचारलं, "पन धूर कुठं हाय?"

"कोनता धूर?"

"त्या दिवशी धूर होता ना. बाजूच्या लाइनीवर भट्टीची तापती मळी ओतून राह्यले होते. सगळा धूर इकडं येत होता."

फोरमनसाहेब चमकले. "नव्हता धूर."

"होता."

"रशीद, चवकशीत कोनीच धुराचं नाव नाई घेतलं."

"चवकशी मले नको सांगू. पाय चवकशीचा गेला का माहा?"

"तुहा."

"मंग धूर बी मीच पाह्यला. अबे, पाच हातावरचं दिसत नव्हतं त्या दिवशी. अकरा पावलावरचं काय दिसनार?"

"खोटं नको बोलू! साफ ऊन पडलं होतं! माह्या डोक्यावर टोपी होती!"

"टोपी असंन. धूर बी होता."

"नव्हता!"

"होता म्हनतो ना मी!"

वीस वर्षं एक जण म्हणत होता, दिसत नव्हतं, आणि दुसरा म्हणत होता, दिसत होतं. आता दोघांनी बाजू बदलल्या होत्या आणि आवाज मात्र तेवढाच होता. फोरमनसाहेब रडत होते आणि ओरडत होते. दोन्ही एकाच वेळी करण्याचा सराव नसल्यामुळे त्यांना ठसका लागला. रशीदभाईंनी जमिनीवरूनच स्वतःचा चहा त्यांच्याकडे सरकवला आणि म्हणाले, "पी. पिऊन मंग बोल. धूर होता."

शबानानं मला आत ओढलं. हळू आवाजात विचारलं, "मॅडम, खरंच धूर होता काय?"

"मला काय माहीत. तुम्हाला कधी सांगितलं होतं?"

"वीस साल मधे हजार बार सांगितला किस्सा अब्बांनी," ती म्हणाली. "धूर आज पैल्यांदा आला."

चारची गाडी पकडायची तर निघायला हवं होतं. मी बाहेर येऊन फोरमनसाहेबांना आठवण केली. त्यांनी डोळे पुसले आणि वहीतलं पान उलटावं तसं मला बाजूला केलं. "तुमी जा मॅडम. हा मानूस सरासर खोटं बोलून राह्यला. याले असा सोडून मी येनार नाई."

मी एकटी परतले. काकूंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि त्या रात्री दोनच्या जागी एकच भाकरी थापली.

फोरमनसाहेब चौथ्या दिवशी आले. दाढी वाढलेली, अंगावर रशीदभाईंचा ढगळा कुर्ता, हात रिकामे. मी जिन्यातूनच विचारलं, "काका, टॉर्पिडो कुठंय?"

"तिथंच हाय," ते चपला काढत म्हणाले. "रशीद कापूस चिकटवून राह्यला त्याच्यावर. धूर म्हनून."

"आणि तुम्ही चिकटवू दिलात?"

"चिकटवू द्या ना," फोरमनसाहेब म्हणाले. "पुढच्या रविवारी जातो अन सगळा उपटून टाकतो."